हाय-स्पीड फोटोग्राफीची पहिली ओळख : एका थेंबापासून सुरुवात

डिपार्टमेंटचा हाय-स्पीड कॅमेरा वापरायला मिळणार म्हटलं की नव्या एम.टेक. किंवा पीएच.डी. विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'याचा मॅक्झिमम फ्रेम रेट किती?' हा प्रश्न विचारायचा, पण सगळ्यात शेवटी. आधी वहीत लिहायचं ते हे, की या चित्रांतून मला कोणता आकडा काढायचा आहे आणि तो किती अचूक हवा आहे. तेवढं ठरलं की किती भाग चौकटीत घ्यायचा, एक्स्पोजर (प्रत्येक चित्राला शटर उघडं राहण्याचा वेळ) किती, उजेड किती आणि फ्रेम रेट (सेकंदाला चित्रं) किती, हे सगळं हिशेबाने मागोमाग येतं. ते न ठरवता लॅबमध्ये गेलात तर संध्याकाळी हार्ड डिस्क भरलेली असते, व्हिडिओ सगळ्यांना आवडलेले असतात आणि प्रबंधात टाकायला एकही ग्राफ नसतो.

ज्यांनी असा कॅमेरा अजून हाताळलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण एकच धरतो : काचपट्टीवर पडणारा पाण्याचा थेंब. खर्च नाही, धोका नाही, हवा तितक्या वेळा करता येतो. आणि यात येणाऱ्या बहुतेक अडचणी पुढे इंजेक्टरच्या स्प्रेमध्ये, ज्वालेत किंवा तडा जाणाऱ्या नमुन्यातही तशाच भेटतात. विषय पोरकट वाटत असेल तर एक लक्षात घ्या : कोरड्या, गुळगुळीत पृष्ठभागावर आपटणाऱ्या थेंबाभोवतीच्या हवेचा दाब पुरेसा कमी केला तर शिंतोडे उडणंच थांबतं, हे शिकागो विद्यापीठातल्या शू, झांग आणि नेगल यांनी दाखवलं ते २००५ साली, आणि तेही हाय-स्पीड चित्रणाच्याच आधारे. शिंतोडे उडण्यात हवेचा एवढा हात असेल असं त्याआधी फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

आधी कागद-पेन

२१ गेजच्या बोथट निडलमधून सिरिंज पंपाने हळूहळू पाणी सोडलं तर साधारण अडीच ते तीन मिलिमीटर व्यासाचा थेंब आपल्याच वजनाने सुटतो. आपण २.८ मिलिमीटर धरू. निडलचं टोक काचेपासून ३० सेंटिमीटर वर ठेवलं तर आपटतानाचा वेग बारावीपर्यंत शिकलेल्या v² = 2gh या सूत्राने निघतो : साधारण २.४ मीटर प्रति सेकंद. व्यासाला वेगाने भागलं की घटनेचं स्वतःचं घड्याळ मिळतं, इथे सुमारे १.२ मिलिसेकंद. एवढ्या वेळात दहा-बारा चित्रं मिळाली तर आकार कसा बदलतो ते नीट दिसतं. म्हणजे सेकंदाला १०,००० फ्रेम पुरतात. थेंब पसरून परत आकसेपर्यंतचा वेळ याच्या बराच पुढे जातो, पण तेव्हा सगळं संथ झालेलं असतं, त्याची काळजी नको.

हाच हिशेब दुसऱ्या घटनांना लावून पाहा. पुण्याच्या एआरएआयमध्ये (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) कारची क्रॅश टेस्ट होते. भारत एनकॅप या कारच्या सुरक्षितता-मानांकनातल्या समोरून धडक देण्याच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला जवळपास १८ मीटर. ऐकायला फार वाटतं, पण मुख्य घटना शंभर-दीडशे मिलिसेकंद चालते आणि पाहायचं असतं ते डमीचं डोकं, एअरबॅग, गाडीच्या सांगाड्याचा वाकणारा खांब. त्याला सेकंदाला १,००० फ्रेम पुरतात. याउलट साध्या काचेत वेगाने धावणारा तडा सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. सेकंदाला एक लाख फ्रेम घेतल्या तरी दोन चित्रांमध्ये तो १५ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. तुमचा नमुनाच ५० मिलिमीटरचा असेल तर हातात तीन चित्रं पडतील. तिथे दहा लाखांच्या पुढचे खास कॅमेरे लागतात, आणि त्यांचं जग वेगळं आहे. सेकंदाला ५० लाख फ्रेम घेणारा, पण एका वेळी १२८ चित्रंच साठवणारा कॅमेरा घेतलात तर त्याचं सगळं रेकॉर्डिंग २५.६ मायक्रोसेकंदांत आटोपतं.

चौकट किती मोठी

काचेवर थेंब पसरून साधारण मूळ व्यासाच्या तिप्पट-चौपट होतो, म्हणजे दहा-अकरा मिलिमीटर. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा धरली तर वीस मिलिमीटर रुंदीची चौकट हवी. संशोधनातल्या बऱ्याच हाय-स्पीड कॅमेऱ्यांचे पिक्सेल मोठे असतात, कारण कमी वेळात जास्त उजेड गोळा करायचा असतो. २० मायक्रॉनचे १,०२४ पिक्सेल म्हणजे सेन्सर सुमारे २० मिलिमीटर रुंद. मॅक्रो लेन्स एकास एक मोठेपणावर लावली की चौकटही तेवढीच, आणि चित्रातला एक पिक्सेल म्हणजे प्रत्यक्षातले २० मायक्रॉन. आपला थेंब १४० पिक्सेल रुंद दिसेल. कडा ओळखण्यात एका पिक्सेलची चूक झाली तर व्यासात ०.७ टक्के. गाइडना हा आकडा सांगितला की पुढची बरीच चर्चा सोपी होते.

इथे मोह आवरायचा असतो. निडलही दिसावी, पूर्ण पडणं दिसावं, मागचा सेटअपही दिसावा, असं करत लोक चौकट दहा सेंटिमीटरची करतात. मग थेंब २८ पिक्सेलचा होतो आणि चूक साडेतीन टक्क्यांवर जाते. सेटअप दाखवायचा तर मोबाइलने वेगळा फोटो काढा.

फ्रेम रेट वाढवायचा असेल तर चौकटीची उंची कापायची. बहुतेक कॅमेरे सेन्सर ओळीओळीने वाचतात, त्यामुळे ओळी चौथाई केल्या की फ्रेम रेट जवळजवळ चौपट होतो. रुंदी कापून तेवढा फायदा बहुधा मिळत नाही. आपला थेंब आडवा पसरतो, म्हणून ही कापाकापी आपल्या सोयीची आहे. उभा उडणारा जेट पाहायचा असेल तर कॅमेराच नव्वद अंशांत फिरवून आडवा बसवा. दिसायला विचित्र, पण काम होतं.

एक्स्पोजर : फ्रेम रेटपेक्षा हे महत्त्वाचं

नवखा माणूस फ्रेम रेट आणि एक्स्पोजर यांची गल्लत करतो. सेकंदाला १०,००० फ्रेम म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदांनी एक चित्र. पण त्या शंभरांपैकी शटर किती मायक्रोसेकंद उघडं ठेवायचं हे तुमच्या हातात असतं. पूर्ण शंभर ठेवलं तर २.४ मीटर वेगाचा थेंब तेवढ्यात २४० मायक्रॉन सरकतो, म्हणजे १२ पिक्सेलचा फराटा. कडा गेली, मोजणी गेली.

एक्स्पोजरच्या काळात हलणारी वस्तू एका पिक्सेलपेक्षा जास्त सरकता कामा नये, एवढं पाळायचं. ५ मायक्रोसेकंदांत थेंब १२ मायक्रॉन सरकतो, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त पिक्सेल. छान. पण चौकटीत सगळ्यात वेगवान काय आहे तेही पाहा. थेंब टेकल्याबरोबर त्याच्या बुडाशी पाण्याचा जो पातळ पडदा बाहेर फेकला जातो, त्याचा वेग सुरुवातीला थेंबाच्या वेगाच्या कितीतरी पट असतो. तो १० मीटर प्रति सेकंद धरला तर ५ मायक्रोसेकंदांत अडीच पिक्सेल पुसट होणार. तुम्हाला त्या पडद्याचाच अभ्यास करायचा असेल तर २ मायक्रोसेकंदांवर या. फक्त अंतिम पसरलेला व्यास हवा असेल तर पाच-दहाही चालतील. आकडा कोणता हवा, हा पहिला प्रश्न इथे परत उपयोगी पडतो.

उजेड

साध्या कॅमेऱ्यात शटर १/१०० सेकंद उघडं असतं. इथे २ मायक्रोसेकंद. उजेड पाच हजारपट कमी. हाय-स्पीड फोटोग्राफीतला निम्म्याहून जास्त वेळ दिव्यांशी झटापट करण्यात जातो, आणि त्याबद्दल कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये जवळजवळ काहीच नसतं.

थेंब, बुडबुडे, स्प्रे अशा पारदर्शक गोष्टींसाठी समोरून प्रकाश टाकू नका. दिवा मागे, मध्ये डिफ्यूजर (उजेड सारखा पसरवणारा पडदा), मग थेंब, मग कॅमेरा, सगळं एका रेषेत. याला बॅकलाइट म्हणतात. पार्श्वभूमी पांढरी, थेंब काळा, कडा स्वच्छ. डिफ्यूजरसाठी दुधी ॲक्रिलिकचा तुकडा किंवा चक्क ट्रेसिंग पेपर चालतो. तो थेंबाच्या मागे निदान दहा सेंटिमीटर ठेवा, नाहीतर कागदाचे तंतू चित्रात उमटतात. थेंबाच्या मधोमध एक पांढरा ठिपका दिसेल. थेंब स्वतःच लेन्ससारखा वागून मागचा दिवा दाखवतो, बिघाड काही नाही. पुढे प्रोसेसिंग करताना तो ठिपका भरून घ्यावा लागतो, एवढंच.

दिवा कोणता? जुन्या लॅबमध्ये १,००० वॅटचे हॅलोजन असतात. उजेड भरपूर, पण काचपट्टी तापते, थेंब कोमट होतो, पृष्ठताण बदलतो आणि तुम्ही 'रूम टेम्परेचर' लिहून मोकळे होता. मोठा एलईडी बरा. मात्र तो कशावर चालतोय ते पाहा. घरगुती वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ड्रायव्हरवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना कळत नाही, पण सेकंदाला १०,००० फ्रेम घेताना दर शंभर फ्रेमला उजेडाची एक लाट चित्रांतून जाते. मग थ्रेशोल्ड (काळं कुठे संपलं आणि पांढरं कुठे सुरू झालं हे ठरवणारा ब्राइटनेसचा आकडा) एका फ्रेमला बरोबर आणि पन्नास फ्रेमनंतर चूक. डिमर असलेले एलईडी पॅनल तर आणखी फसवे असतात, कारण त्यातले बरेच दिवा भराभर चालू-बंद करूनच तो मंद करतात. लॅबमधला डीसी पॉवर सप्लाय किंवा सरळ १२ व्होल्टची बॅटरी वापरा.

तपासायला दोन मिनिटं लागतात. थेंब न टाकता नुसती पांढरी पार्श्वभूमी रेकॉर्ड करा, प्रत्येक फ्रेमची सरासरी ब्राइटनेस काढा आणि फ्रेम क्रमांकासमोर आलेख मांडा. रेष सपाट आली तर पुढे जा. लाटा आल्या तर दिवा बदला. ही तपासणी केल्याशिवाय मी कुणालाही खरा रन (प्रयोगाची एक फेरी) घेऊ देत नाही, आणि त्यावरून माझ्याबद्दल लॅबमध्ये काय बोललं जातं ते मला माहीत आहे.

धातूचा किंवा लाकडाचा नमुना तुटताना पाहायचा असेल तर बॅकलाइट निरुपयोगी. तिथे दोन बाजूंनी, ४५ अंशांतून समोरून उजेड टाकावा लागतो. नमुन्यावर आधी पांढरा मॅट रंग आणि त्यावर काळे ठिपके फवारले तर डिजिटल इमेज कोरिलेशनने, म्हणजे ठिपके चित्रागणिक किती सरकले ते मोजून, विकृतीचा (स्ट्रेनचा) नकाशा काढता येतो. ठिपका चित्रात तीन ते पाच पिक्सेलचा दिसेल असा मारायचा. हवेतले घनतेचे फरक किंवा शॉकवेव्ह पाहायच्या असतील तर श्लीरन पद्धत लागते. एर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर यांनी १८८० च्या दशकात सुसाट गोळीपुढची शॉकवेव्ह याच तत्त्वावर टिपली होती. त्याला आरसे, सुरीसारखी पात आणि अफाट संयम लागतो. पहिल्याच प्रोजेक्टला घेऊ नका.

लेन्स आणि फोकस

चित्र स्पष्ट यावं म्हणून ॲपर्चर शक्य तितकं बारीक करा, असं छंद म्हणून फोटोग्राफी करणारे मित्र सांगतील. मॅक्रोमध्ये ते अंगाशी येतं. एकास एक मोठेपणावर लेन्सचा परिणामी एफ-आकडा दुप्पट होतो. एफ/१६ लावलंत तर प्रत्यक्षात ते एफ/३२ सारखं वागतं आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे सेन्सरवर प्रत्येक बिंदूचा साधारण ४३ मायक्रॉनचा ठिपका पडतो. म्हणजे दोन पिक्सेल वाया, शिवाय उजेडही गेला. एफ/८ वर तोच ठिपका एका पिक्सेलवर येतो. तिथे थांबा.

एफ/८ वर फोकसची खोली मात्र ०.६ मिलिमीटरच्या आसपासच मिळते. थेंबाचा व्यास २.८, खोली ०.६. त्यामुळे थेंबाची बाह्यरेषा ज्या उभ्या प्रतलात आहे ते प्रतल नेमकं पकडावं लागतं, आणि प्रत्येक थेंब तिथेच पडावा लागतो. छताचा पंखा बंद करा, एसीचा झोत वळवा. ३० सेंटिमीटर उंचीवरून पडताना हवेच्या झुळुकीने थेंब मिलिमीटरभर सहज सरकतो आणि सगळा रन धूसर येतो. उन्हाळ्यात लॅबमध्ये पंखा बंद म्हणजे शिक्षाच, पण इलाज नाही.

फोकस करायचा तो असा : आधी दोन-चार थेंब टाकून नेमके कुठे पडतात ते बघा. तिथे टाचणी किंवा बारीक स्क्रू उभा करा. ॲपर्चर पूर्ण उघडा, म्हणजे फोकसची खोली किमान होते आणि नेमकी जागा कळते. टाचणीची कड धारदार दिसेपर्यंत लेन्सची रिंग न फिरवता पूर्ण कॅमेराच स्लाइडवर पुढे-मागे करा. रिंग फिरवली की मोठेपणा बदलतो आणि मघाचे २० मायक्रॉन खोटे पडतात. मग ॲपर्चर परत ८ वर. रिंगवर चिकटपट्टी लावून टाका, कारण केबल काढताना कुणाचा ना कुणाचा हात लागतोच.

कॅलिब्रेशन

वीस मायक्रॉन हा कागदावरचा आकडा. खरा आकडा मोजायचा असतो. स्टीलची पट्टी चौकटीत धरून फोटो काढणं ही सर्रास चालणारी पद्धत, पण पट्टी तिरकी असते, प्रतलात नसते, आणि तिच्या रेघाच पाच-दहा पिक्सेल जाड दिसतात. त्यापेक्षा बेअरिंगची ३ मिलिमीटरची गोळी घ्या, मायक्रोमीटरने तिचा व्यास मोजा आणि थेंब पडतो तिथे ठेवा. गोळी कुठूनही गोलच दिसते, तिरकी होण्याचा प्रश्नच नाही. शिवाय तुमची कडा ओळखणारी कोड बरोबर चालते का हेही त्याच चित्रावर तपासून होतं, कारण उत्तर आधीच माहीत आहे.

कॅलिब्रेशनचं चित्र सकाळी एकदा आणि संध्याकाळी निघताना एकदा घ्या. दोन्ही जुळली नाहीत तर मधल्या काळात काहीतरी हललं आहे.

मेमरी आणि ट्रिगर

हे कॅमेरे सरळ हार्ड डिस्कवर लिहीत नाहीत. आतल्या मेमरीत गोल गोल लिहीत राहतात आणि जुनं पुसत जातात. ट्रिगर, म्हणजे थांबण्याचा इशारा, दिला की ते थांबतं. १,०२४ गुणिले १,०२४ पिक्सेल, १२ बिट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे दीड मेगाबाइट. १६ गिगाबाइट मेमरीत साधारण अकरा हजार फ्रेम मावतात. सेकंदाला १०,००० च्या वेगाने फक्त १.१ सेकंद.

आता गंमत बघा. माणसाचा हात साधारण पाव सेकंदात प्रतिसाद देतो. थेंब पडल्याचं दिसल्यावर बटण दाबलं तरी मेमरीत मागचा एक सेकंद शिल्लक असतो, आणि थेंब त्यात नक्की असतो. सॉफ्टवेअरमध्ये 'एंड ट्रिगर' निवडायचा, बस्स. पहिले दोन आठवडे लेझर-सेन्सरचं सर्किट बनवण्यात घालवणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. थेंबासाठी त्याची गरज नाही. बटण पुरतं.

गरज पडते ती घटना लांबल्यावर किंवा मेमरी आखूड झाल्यावर. मघाच्या २५.६ मायक्रोसेकंदांच्या कॅमेऱ्याला हाताने ट्रिगर देणं अशक्यच. तिथे नमुन्यावर तडा जाणार त्या वाटेवर वाहक रंगाची बारीक रेघ ओढतात. तडा ती रेघ तोडतो, सर्किट उघडतं, कॅमेऱ्याला ५ व्होल्टचा पल्स जातो. आधी हा पल्स सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) बघून घ्या : किती उशिरा येतो, कडा सरळ आहे की वर-खाली नाचतेय. जवळ वेल्डिंग मशीन किंवा स्पार्क असेल तर कॅमेरा घटनेआधीच खोटा ट्रिगर घेऊन मोकळा होतो. बीएनसी केबल शील्डवाली आणि आखूड ठेवा.

प्रत्यक्ष रन

कॅमेरा निदान अर्धा तास आधी चालू करा. सेन्सर तापतो तसा त्याचा मूळ डाग-डाग नमुना बदलतो. तापल्यावर लेन्सचं झाकण लावून ब्लॅक रेफरन्स, म्हणजे तो नमुना वजा करण्यासाठीचं अंधारातलं चित्र, घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये या बटणाचं नाव वेगळं असतं, काम तेच. एक्स्पोजर किंवा फ्रेम रेट बदलला की परत घ्या. हे विसरलेलं चित्र बघताक्षणी ओळखू येतं, त्यावर उभ्या रेघा असतात.

काचपट्टी ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डिआयोनाइज्ड पाणी, अशी धुवून कोरड्या हवेने वाळवा. बोटाचा ठसा राहिला तर थेंब गोल पसरत नाही. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीवरच्या कॉलेजांत, धुतलेली काच उघड्यावर तासभर ठेवली तर ती मुळीच 'कोरडी' राहत नाही. प्रत्येक थेंबाला नवी जागा किंवा नवी पट्टी. आर्द्रता आणि तापमान वहीत लिहा, भले तुमच्या विषयाशी संबंध नसला तरी.

लॅबचे काका बहुधा तुमच्याआधी पाच-सहा बॅचेसना पाहिलेले असतात. कोणता स्टँड हलतो, कोणत्या सॉकेटवर कॉम्प्रेसर आहे आणि तो सुरू झाला की टेबल थरथरतं, हे त्यांना ठाऊक असतं. विचारा.

सुरक्षितपणाबद्दल थोडक्यात : काही तुटणार असेल तर कॅमेऱ्यापुढे आणि तुमच्यापुढे पॉलिकार्बोनेटची शीट हवी. पीआयव्हीचा (प्रवाहातल्या कणांवरून वेग मोजण्याच्या पद्धतीचा) पल्स लेझर असेल तर त्या तरंगलांबीचे गॉगल हवेत, आणि हातातलं घड्याळ-अंगठी काढून ठेवा, किरण परावर्तित होतो. स्ट्रोब वापरताना खोलीत कुणाला अपस्माराचा त्रास आहे का ते आधी विचारा.

कॅमेराच नसेल तर

बहुतेक कॉलेजांची हीच परिस्थिती. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या सरकारी संस्थांची उपकरणं नोंदवलेली आहेत, तिथे शोधा. दुसऱ्या संस्थेत जाऊन एक दिवस कॅमेरा मिळवायचा असेल तर वरचा सगळा हिशेब आणि दिव्याची तपासणी आपल्या लॅबमध्ये आधीच उरकून जा. तिथे वेळेचे पैसे लागतात, आणि तो वेळ दिवा शोधण्यात घालवायचा नसतो.

दुसरा मार्ग जुना आहे आणि मला तो मनापासून आवडतो. एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या सुमारास फिरत्या मोटारी पाहण्यासाठी स्ट्रोबचे दिवे बनवले. तत्त्व असं, की खोली अंधारी, शटर उघडं, आणि एक्स्पोजर शटरने न ठरता दिव्याच्या चमकण्याने ठरतं. तुमच्याकडे साधा डीएसएलआर आणि फ्लॅश असेल तर फ्लॅश सर्वांत कमी पॉवरवर ठेवा. त्याची चमक १/२०,००० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी होते. निडलखाली लेझर पॉइंटर आणि फोटोडायोड लावा, थेंबाने किरण तोडला की आर्डुइनो ठरावीक विलंबाने फ्लॅश पेटवेल. प्रत्येक थेंबाला एकच फोटो. विलंब ०.१ मिलिसेकंदाने वाढवत गेलात की वेगवेगळ्या थेंबांच्या फोटोंतून पूर्ण घटना जोडता येते.

मर्यादा दोन. १/२०,००० सेकंद म्हणजे ५० मायक्रोसेकंद, तेवढ्यात थेंब १२० मायक्रॉन सरकतो. पडतानाची कडा पुसट येईल, पसरलेला व्यास मात्र चांगला मिळेल. दुसरी मर्यादा अशी, की घटना दर वेळी तशीच घडली पाहिजे. व्यासाबाबत घडते. शिंतोड्यांबाबत मुळीच नाही.

मोबाइलचे सेकंदाला २४० फ्रेम आपल्या थेंबाला अपुरे आहेत, दोन चित्रांत तो सेंटिमीटरभर पडतो. पण डोलणारी तुळई, गियरचा खडखडाट, लोलक यांना ते छान पुरतात. काही फोनमधले त्याहून मोठे आकडे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने रचून येतात. रचलेली फ्रेम मोजायची नसते.

चित्रातून आकडा

रेकॉर्डिंग झाल्यावर पूर्ण ११,००० फ्रेम सेव्ह करू नका. थेंब चौकटीत येण्याआधीच्या वीस आणि नंतरच्या दोन-तीनशे पुरेत. रॉ किंवा टिफ स्वरूपात ठेवा. कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत कडांभोवती डाग पडतात, तो प्रकार प्रेझेंटेशनसाठी ठीक. मोजायला फिजी किंवा ट्रॅकर ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात. पायथन येत असेल तर उत्तमच.

घटना सुरू झाल्याचा क्षण कसा ठरवायचा यावर नवे लोक अडतात. १०,००० च्या वेगाने दोन फ्रेममध्ये थेंब १२ पिक्सेल सरकतो, त्यामुळे टेकण्याचा नेमका क्षण कोणत्याच चित्रात नसतो. 'टेकल्यासारखी दिसणारी पहिली फ्रेम' शून्य मानली तर १०० मायक्रोसेकंदांपर्यंत चूक शक्य आहे, आणि सुरुवातीचा पडदा तर तेवढ्यातच निम्मा आटोपतो. त्याऐवजी टेकण्याआधीच्या पंधरा-वीस फ्रेममध्ये थेंबाच्या बुडाची उंची मोजा, वेळेसमोर मांडा, सरळ रेष बसवा आणि ती काचेच्या पातळीला कुठे छेदते ते काढा. तो शून्य. रेषेचा उतार म्हणजे आपटण्याचा वेग, तोही फुकटात मिळाला. तो मघाच्या २.४ शी ताडून पाहा. हवेच्या अवरोधाने किंचित कमी येईल. जास्त आला तर कॅलिब्रेशनकडे परत जा.

कोणते रन ठेवायचे हे रन घेण्याआधी लिहून ठेवा. याला एक जुना धडा कारणीभूत आहे. इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टच्या नौदल अभियांत्रिकी कॉलेजात आर्थर वर्दिंग्टन हे प्राध्यापक होते. त्यांनी ठिणगीच्या क्षणिक उजेडात शिंतोडे नुसत्या डोळ्यांनी पाहून वर्षानुवर्षं त्यांची चित्रं काढली. सगळी रेखीव आणि सममित. पुढे तीच घटना फोटोत टिपायला लागल्यावर दिसलं की शिंतोडे प्रत्यक्षात वेडेवाकडे असतात. हात नकळत आदर्श आकार काढत होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मोकळेपणी लिहून ठेवली आणि १९०८ च्या आपल्या पुस्तकात फोटो छापले. आज हात चित्र काढत नाही, पण वीस रनमधून 'चांगला दिसणारा' एक निवडतो. प्रकार तोच. म्हणून निकष आकड्यांत हवा : थेंबाचा व्यास सरासरीपासून दोन टक्क्यांच्या आत, पडण्याची जागा फोकसच्या प्रतलात, काच नवी. त्यात बसणारे सगळे रन घ्या, वाकडे असले तरी.

पेपर किंवा प्रबंध लिहिताना फ्रेम रेट, एक्स्पोजर, लेन्स, ॲपर्चर, एका पिक्सेलचे मायक्रॉन आणि दिव्याची रचना एकाच परिच्छेदात द्या. प्रत्येक छापलेल्या चित्रात स्केल बार आणि शून्यापासूनची वेळ हवीच. फोल्डरच्या नावात तारीख, उंची, निडल आणि रन क्रमांक टाका आणि त्या दिवसाचं गोळीचं चित्र, ब्लॅक रेफरन्स आणि दिव्याचा आलेख त्याच फोल्डरमध्ये ठेवा. व्हायव्हाला आलेले बाहेरचे परीक्षक नेमकं तेच मागतात, आणि तोवर कॅमेऱ्याची लेन्स कुणीतरी बदललेली असते.